अनिसाभाभीचं राळेचं मलम

बेल्ह्याच्या बाजारात जिथं बैलांचा गलका मागं पडतो आणि मिरची-मसाल्याची पालं सुरू होतात, त्या वळणावर अनिसाभाभी बांगड्या घेऊन बसते. वर निळी ताडपत्री, पुढं दांड्यांवर ओवलेले काचेच्या बांगड्यांचे तोडे आणि मधे गिऱ्हाइकाला बसायला गोणपाटाची घडी. बाईनं तिथं बसायचं आणि हात पुढं करायचा. पुढचं सगळं अनिसाभाभीचं. पंजा आपल्या मांडीवर घेऊन ती आधी तो नुसताच दाबत राहते, अंगठ्याच्या बुडाशी, बोटांच्या पेरांवर. तोंडानं घरच्यांची विचारपूस चालू असते. हात सैल पडला, की बाईला कळायच्या आत बांगडी मनगटावर उतरलेली असते. "आगं बया, गेली पन?" असं बायका म्हणतात तेव्हा ती हसते. आयुष्य गेलं या धंद्यात, पण ते ऐकायला तिला अजूनही आवडतं.

चेहरे तिच्या लक्षात राहत नाहीत, हात राहतात. एखादी बाई ओळख दाखवून बोलायला लागली की अनिसा आधी नुसती मान हलवते, आणि हात हातात आला की म्हणते, "तुमी राजुरीच्या न्हाई का? मागल्या साली पोरीच्या बारशाला भरल्या व्हत्या."

अनिसा जुन्नरला राहते, माहेरही तिचं तिथलंच. वडील तालिब लाखेच्या बांगड्या करायचे. निखाऱ्यावर लाख मऊ करायची आणि गरम आहे तोवरच बोटांनी वळायची, असं ते काम. बोटांची टोकं कायम भाजलेली. पुढं काचेच्या बांगड्यांनी बाजार भरला, लाखेचं काम बसलं. तोवर अनिसाचं लग्न बदरुद्दीनशी झालं होतं. तोही मणियारच, म्हणजे बांगडीवालाच. दोघांनी मिळून बाजार धरले. तो टेम्पो चालवायचा, माल आणायचा, आणि ती बांगड्या भरायची. दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या. वडील वारल्यावर आई नसीम तिच्याकडंच राहायला आली.

गेल्या उन्हाळ्यात, लग्नसराईच्या ऐन तोंडावर, पिंपळवंडीच्या सरूबाई पालात आल्या. बरोबर अक्षदा होती. सरूबाईंच्या भरतशी तिचं लग्न ठरलं होतं. अक्षदा बेल्ह्याचीच, त्यामुळं बाजाराच्या निमित्तानं सासू-सून दोघी मिळून बांगड्यांचे रंग बघायला आल्या होत्या. सरूबाई म्हणजे जुनं गिऱ्हाईक. आल्या की पाल हसायला लागायचं. त्या दिवशीही त्यांनी आल्या आल्या सांगितलं, "भाभी, सुनंला आसा चुडा दावा का भरत टमाट्याचे क्रेट मोजायचा इसरला पायजे."

अक्षदा लाजली. अनिसानं तोड्यावर तोडे काढले. हिरव्यात तरी किती प्रकार! अक्षदानं बारीक सोनेरी रेघेच्या पसंत केल्या, मापासाठी एक घालून बघितली, मग म्हणाली, "आता आत्या, तुमी बसा."

"मला कशाला आता? ह्या हायत की." सरूबाईंनी पदराखालून मनगट जरासं पुढं केलं. प्लॅस्टिकच्या दोन बांगड्या होत्या.

"पोराच्या लग्नात पिलॅष्टिक?" म्हणत अनिसानं त्यांचा हात धरून पुढं ओढला, आणि तिचा स्वतःचाच हात थांबला.

नखांच्या कडा काळ्या-हिरव्या होत्या. त्याचं काही नवल नव्हतं. टोमॅटो तोडणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातावर झाडाचा तो चीक बसतोच. पण तळवा उभा-आडवा फाटला होता. भेगांच्या कडा वाळून टणक झालेल्या, आणि मनगटाच्या वर कातडी लालभडक, जागोजाग सोललेली, जणू उकळतं पाणी सांडलं असावं. मधलं बोट तर सुजून गरम लागत होतं.

"सरूबाई, ह्ये टमाट्यानं न्हाई झालं. काय लावलं ह्याला?"

सरूबाईंनी इकडं-तिकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "हिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर हाय ना, ती. डागच निघत न्हाईत वो दुसऱ्या कशानं. साखरपुड्यात एका पावणीला कुकू लावाया गेले, तर तिनं माझा हात बघून हनुवटी मागं घेतली. म्हनलं, लग्नात तरी आसं नको."

"आन आग?"

"व्हती थोडी. सवय झाली."

अनिसानं तो हात खाली ठेवला. मागं दोन-तीन बायका बसायची वाट बघत होत्या. ती म्हणाली, "आज मी तुमाला बांगड्या भरनार न्हाई."

बांगडीवाली बाईला बांगड्या भरायला नाही म्हणते, तीही लग्नघरच्या बाईला, हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. सरूबाईंचा चेहरा पडला. "शुभ कार्याच्या बांगड्यास्नी न्हाई म्हनता, भाभी? सुनंच्या म्होरं?"

"न्हाई म्हनत न्हाई. थांबा म्हनते. ह्या कातड्यावरनं काच नेली तर रगात निघंल. आन ह्या बोटात पू धरलाय, आधी ते डॉक्टरला दावा. हात बरा झाला का मी सोता तुमच्या घरी येऊन भरते."

पण सरूबाई उठल्या होत्या. हात पदराखाली गेला होता. "हायत की बाजारात दुसरे बांगडीवाले," एवढं बोलून त्या निघाल्या. अक्षदा एकदा मागं वळून बघत त्यांच्यामागं गेली.

परतताना टेम्पोत बदरुद्दीननं विचारलं, "गिऱ्हाईक परत लावलं म्हणे?" बाजारात बातमी अशी धावते.

"हां."

"जुनं गिऱ्हाईक व्हतं."

"जुनं व्हतं म्हनूनच," अनिसा म्हणाली. त्यानं मान हलवून गिअर टाकला. पण आळेफाटा मागं पडला, नारायणगावची गर्दी आली आणि गेली, तरी तिच्या डोळ्यांपुढून तो सोललेला हात जाईना. आपण चारचौघांत बोललो हे चुकलंच, असं तिला वाटत होतं. कानात सांगता आलं असतं. आणि त्याच वेळी दुसरीकडं तिला वडिलांची बोटं आठवत होती. रोज भाजायची, पण कधी चिघळली नव्हती. संध्याकाळी आई त्यांना काहीतरी पांढरं लावायची.

घरी आल्या आल्या तिनं आईला विचारलं. नसीमबी पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. कानांनी कमी ऐकू यायचं, म्हणून दोनदा विचारावं लागलं.

"राळेचं मलम," त्या म्हणाल्या. "तिळाचं तेल आन राळ. तू किती फासायचीस, तुला आठवत न्हाई? तोंडाला लावून घरभर फिरायचीस."

दुसऱ्या दिवशी अनिसा जुन्नरच्या काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन राळ घेऊन आली. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला डिंक. पिवळसर खडे, काचेसारखे ठिसूळ, धुपासारखा वास. तिनं खलबत्त्यात पूड केली, कढईत तिळाचं तेल चढवलं, आणि तेल चांगलं तापू दिलं. इथंच चुकलं. पूड पडताच कढई धुरानं भरली, राळ बुडाशी गोळा होऊन बसली, आणि खोकत खोकत तिनं गॅस बंद केला. पलंगावरून आवाज आला, "धूर निघाला ना? मग गेलं ते. टाक वतून."

"आधी सांगायचं ना, अम्मी!"

"तू आधी विचारायचं ना."

दुसऱ्या खेपेला नसीमबींना खुर्ची टाकून स्वयंपाकघरात बसवलं. आच मंद. तेल कोमट झाल्यावर पूड चिमटी-चिमटीनं, ढवळत ढवळत. राळ मधासारखी विरघळली. मग फडक्यातून गाळून ते तेल परातीतल्या गार पाण्यावर धरलं, आणि अनिसा हातानं फेटायला बसली. आधी नुसतं तपकिरी तेल पाण्यावर पळत होतं, बोटांतून निसटत होतं. पाणी ओतून दुसरं घेतलं, पुन्हा फेटलं. हळूहळू तेल दाट व्हायला लागलं, पिवळं झालं, मग साईसारखं फिकं. दंड भरून आले तेव्हा नसीमबी म्हणाल्या, "सरक जरा," आणि त्यांनी आपला सुरकुतलेला हात परातीत घातला. तळव्याच्या टाचेनं परातीच्या कडेला घासायचं आणि परत गोळा करायचं, असं त्या करत होत्या. जोर काही नव्हता त्यांच्यात, पण ते हात काय करतायत हे अनिसा नीट बघत राहिली आणि मग तसंच करायला लागली. परातीत शेवटी लोण्याचा गोळा असावा तसं शुभ्र, मऊ मलम जमलं. नसीमबींनी बोटावर घेऊन स्वतःच्या मनगटाला चोळलं, हुंगलं, आणि बोटाला उरलेलं दुसऱ्या मनगटालाही लावून घेतलं. अनिसाला तेवढं पुरलं.

काचेच्या बरणीत मलम भरून ती जीपनं पिंपळवंडीला गेली. वाटेत दोनदा तिच्या मनात आलं, की बाई दारातूनच परत पाठवेल. पण ओट्यावर सरूबाईंचे मालक रखमाजी बसले होते. त्यांनी लांबूनच हाक दिली, "या या, भाभी! आमच्या घरात तुमचंच नाव चाललंय."

"चांगलं का वाईट?"

"आधी वाईट, मग चांगलं," असं म्हणून ते हसत आत गेले, चहा ठेवायला.

सरूबाई बाहेर आल्या. मधल्या बोटाला पांढरी पट्टी होती. अजून जरा रुसलेल्याच होत्या, खांबाला टेकून बसत म्हणाल्या, "त्या पोरीनं घरी जाऊन भरतला फोन केला. त्यो मला उचलूनच नारायनगावला घिऊन गेला डॉक्टरकडं. त्यांनी बोटातला पू काढला, गोळ्या दिल्या. पावडर बंद कर म्हनले. आन हात कोरडा पडू द्यायचा न्हाई, म्हनले, आग व्हनार न्हाई आसं काय तरी लावत जा."

"तेच आनलंय," अनिसानं बरणी काढली. "पन पट्टीच्या बोटाला आत्ता न्हाई. ते भरू द्या. आन आधी हितं मनगटाजवळ थोडं लावून बघू. आग झाली तर लगीच धुऊन टाकू. चालंल?"

सरूबाईंनी हात पुढं केला. एवढंसं मलम लावून दोघी चहा प्यायल्या. अनिसा सारखी त्यांच्या तोंडाकडं बघत होती. कप रिकामा झाला. शेवटी अनिसाच म्हणाली, "आग?"

"न्हाई गं," सरूबाई म्हणाल्या. 'वो' गेलं आणि 'गं' आलं, हे दोघींच्याही ध्यानात आलं. "गार वाटतंय. लई दिसांनी गार वाटतंय."

मग अनिसानं दोन्ही हात मांडीवर घेतले आणि भेगांत, पेरांत, नखांच्या कडांना ते पांढरं मलम जिरवलं. जोर न लावता. पाहुणीनं हनुवटी मागं घेतली त्या दिवसाबद्दल सरूबाई पुन्हा बोलल्या, या वेळी जरा सविस्तर, आणि बोलून मोकळ्या झाल्या. "चारचौघांत बोलले, माझं चुकलंच," अनिसानंही सांगून टाकलं. "बोललीस म्हनून तर गेले दवाखान्यात," सरूबाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथंच संपला.

निघताना अनिसानं बजावलं, की संध्याकाळी मलम लावलं की हात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळायचे आणि मग कामाला हात लावायचा नाही.

त्याची गंमत तिला फोनवर कळत राहिली. हात फडक्यात गुंडाळून सरूबाई ओट्यावर बसायच्या आणि आत बापलेक स्वयंपाक करायचे. "भाभी, आज मालकांनी भाकरी थापली," सरूबाई सांगायच्या, "एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला भोक. भरत म्हनतो, म्हशीला घाल. म्हशीनं वास घेतला आन तोंड फिरवलं." मागून रखमाजींचा आवाज यायचा, "खोटं बोलती! खाल्ली म्हशीनं!" लग्न होऊन आल्यापासून सरूबाई संध्याकाळी अशा कधी बसून राहिल्या नव्हत्या. आधी त्यांना ते चोरी केल्यासारखं वाटायचं. मग हळूहळू त्या शेजारणीला हाक मारून गप्पा मारायला शिकल्या.

भेगांच्या टणक कडा मऊ पडल्या. सोललेल्या जागी तांबूस नवी कातडी धरली. आणि अगदी मार्गी लागलंय असं वाटत असतानाच एक दिवस फोन आला, त्यात हसणं नव्हतं.

"भाभी, रागावशील."

"काय केलं?"

"माल तयार, गाडी दारात, आन मजूर आलंच न्हाईत. मग मी बी उतरले तोडायला. डॉक्टरनी सांगितल्यावर भरतनं रबरी मोजे आनून दिल्यात, पन त्यात घाम येतो आन देठ सापडत न्हाई. काढून फेकलं. परत फाटलं बघ दोन जागी."

"आन पावडर?"

"पावडर न्हाई लावली. आईच्यान न्हाई."

अनिसा खरंच रागावली होती. "माझं मलम काय जादू हाय का? रातीला लावायचं आन दिवसा वाट लावायची! माझी अम्मी खुर्चीत बसून परात घासती तुमच्यापायी." मग पलीकडून "चुकलं गं" ऐकू आलं तशी ती मऊ झाली. दोन जागी फाटलंय म्हणजे बाकीचा हात टिकलाय, हेही खरंच होतं. पावडर लावली नाही, हे तर त्याहून मोठं.

मोज्यांचा प्रश्न अक्षदानं सोडवला. ती स्कूटीवर जाताना उन्हासाठी पातळ सुती हातमोजे घालायची. तसलेच दोन जोड तिनं होणाऱ्या सासूला पाठवले: आधी हे घालायचे, वरून रबरी, एक माप मोठे. घाम सुती मोजे पितात आणि बोटं आत हलतात. सरूबाईंनी पहिल्या दिवशी कुरकुर केली, दुसऱ्या दिवशी केली नाही, आणि पुढं त्या स्वतःच वाफ्यात शेजारच्या बाईला सांगायला लागल्या, "आमच्या सुनंनं धाडल्यात."

लग्नाच्या आधी बांगड्या भरायच्या दिवशी अनिसा आणि बदरुद्दीन टेम्पोत पेट्या घालून पिंपळवंडीला गेले. दारात मांडव पडला होता. भावकीतल्या बायका, लेकी, पोरी, सगळ्या अंगणात सतरंजीवर बसल्या होत्या. अनिसा एकेकीचा हात घेत होती. कुणाला लाल खडे हवे, कुणाला आईसारख्या साध्या हिरव्या. एका छोट्या मुलीची बांगडी वाढली तर ती रडायला लागली, तिला बदल्यात दोन दिल्या. बोलणं, हसणं, काचेची किणकिण. चहाचे कप फिरत होते. सगळ्यांत शेवटी सरूबाई येऊन बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

अनिसानं ते उलटसुलट करून बघितले. नखांच्या कडांना काळेपणा थोडा होताच. तो हंगाम सरल्याशिवाय जायचा नव्हता. तळव्यावर भेगांच्या रेघा दिसत होत्या, पण मिटलेल्या. कातडी कुठंही उघडी नव्हती. मधल्या बोटावर बारीक व्रण राहिला होता. तिनं अंगठ्याच्या बुडाशी दाबायला सुरुवात केली.

"भरतचं सामान आलं का सगळं?"

"आलं. पन बूट घट्ट व्हत्यात म्हनतो. मी म्हनलं, त्यालाबी मलम लाव..." सरूबाईंनी खाली बघितलं. पहिली बांगडी मनगटावर होती. "आगं बया," त्या म्हणाल्या. "गेली?"

"गेली."

एकामागून एक हिरव्या बांगड्या चढत गेल्या. दुसराही हात झाला. सरूबाईंनी हात हलवून आवाज ऐकला, परत हलवला. मग त्या उठल्या आणि मांडवाच्या खांबाशी उभ्या असलेल्या रखमाजींपुढं जाऊन दोन्ही हात धरले. रखमाजी काहीतरी चेष्टेचं बोलतील अशी सगळ्या बायकांना आशा होती. पण ते दोन्ही मनगटं बघून म्हणाले, "चांगल्या दिसत्यात." मग इतक्या बायका आपल्याकडं बघतायत हे ध्यानात येऊन ते घाईनं मांडववाल्याला हाका मारत निघून गेले.

सरूबाई परत आल्या आणि रीतीप्रमाणे वाकून अनिसाला नमस्कार करायला लागल्या. अनिसानं त्यांचे हात मधेच धरले. "वाकू नका. बसा. आता मला तुमच्या हातचा चहा पायजे. तुमच्या मालकांचा लई झाला."

लग्न झालं. अक्षदा पिंपळवंडीला आली, आणि सासू-सुना सारखेच हातमोजे घालून वाफ्यात दिसायला लागल्या. मलमाची गोष्ट कशी कोण जाणे, पण बाजारभर झाली. घोडेगावकडून बाजाराला आलेली एक बाई फक्त त्यासाठी पालात आली. नसीमबी परातीपाशी बसायला नेमानं तयार असतात. सरकायला सांगितलं तर रागावतात. अनिसा प्रत्येकीला आधी हात दाखवायला लावते. जखम उघडी असेल, पू असेल, तर डबी मिळत नाही, आधी दवाखाना. आणि थोडं लावून बघितल्याशिवाय घरी न्यायचं नाही. बायका म्हणतात, भाभी बांगड्यांपेक्षा यातच जास्त कटकट करते. ते खरं आहे, आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

मागच्या बाजारी तर गेणभाऊच आले. गेणभाऊ म्हणजे बेल्ह्याच्या बाजारातले बैलांचे जुने व्यापारी. मोठा पटका, मोठा आवाज. बायकांच्या पालापुढं ते दोनदा येरझाऱ्या घालून गेले. तिसऱ्यांदा थांबले, घसा खाकरला, आणि कासरा ओढला जाऊन सोललेला तळवा पुढं केला.

"भाभी, बैल लई तापट निघाला. ते तुमचं पांढरं हाय का?"

पालातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एकजण म्हणाली, "भाभी, आलेच हायत तर हिरव्या भरा त्यास्नी!"

"भरा की," गेणभाऊ म्हणाले आणि खुशाल गोणपाटावर मांडी घालून बसले. "पन बैल भिला तर भरपाई तुमी द्यायची."

अनिसाला हसू आवरेना. कातडं नुसतं वरवर सोललंय, जखम उघडी नाही, हे नीट बघून तिनं तळवा आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन यायला त्यांना नळावर पाठवलं, आणि ते येईस्तोवर दुसऱ्या बाईचा हात पुढं घेतला.